प्रचाराची तहकुबी

अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेत अध्यक्षीय निवडणुकीची तिथी कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर किंवा प्रसंगाच्या निकडीवर सोपविलेली नाही. नोव्हेंबर महिन्यातील पहिल्या सोमवारनंतर येणारा मंगळवार हा १८४५ च्या कायद्याने मुक्रर झालेला दिवस आहे. यादवी युद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत १८६४ साली अब्राहम लिंकन यांना आणि दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत १९४४ साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांना त्याच नेमल्या दिवशी मतदारांच्या कौलास सामोरे जावे लागले. ब्रिटनमध्ये याउलट, १९३५ साली निवडून आलेल्या पार्लमेंटने युद्धाच्या कारणास्तव आपली मुदत वेळोवेळी वाढवून घेतली आणि पुढची सार्वत्रिक निवडणूक १९४५ पर्यंत लांबणीवर टाकली. ज्या देशात निवडणूकच पुढे ढकलण्याची सोय आहे तेथे संकटकाळी प्रचाराचे काय करावे हा प्रश्न सरकारपुरता सुटतो. परंतु जेथे ती सोय नाही तेथे तो प्रत्येक उमेदवाराच्या विवेकावर आणि हिशेबीपणावर येऊन पडतो. देश आर्थिक अरिष्टात सापडला असता मते मागत हिंडावे, की सभा, जाहिराती आणि वादविवाद तहकूब करून राष्ट्रकार्यास रुजू व्हावे? ह्या प्रश्नाचे एक धाडसी उत्तर २४ सप्टेंबर २००८ रोजी, मतदानास सहा आठवडे उरले असताना, रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार जॉन मॅकेन यांनी दिले. ते उत्तर का फसले, आणि त्या फसण्यातून लोकशाहीच्या अभ्यासकाने कोणता बोध घ्यावा, हा ह्या प्रकरणाचा विषय आहे.

प्रथम त्या अरिष्टाचे स्वरूप पाहिले पाहिजे. अमेरिकेत घरांच्या किमती अनेक वर्षे चढत राहिल्या होत्या, आणि त्या अशाच चढत राहतील ह्या भरवशावर ज्यांची फेडण्याची ऐपत नव्हती अशांनाही मुबलक घरकर्जे देण्यात आली. ही कर्जे देणाऱ्या बँकांनी ती आपल्या दप्तरी न ठेवता एकत्र बांधून त्यांचे रोखे केले, आणि ते रोखे जगभरच्या बँका, विमा कंपन्या व गुंतवणूक पेढ्या यांनी उत्तम तारण समजून विकत घेतले. घरांच्या किमती उतरू लागताच कोणाच्या तिजोरीत किती बुडीत कागद आहे हे कोणासच सांगता येईना. आणि ज्या व्यवसायाचा सारा डोलारा परस्परांच्या पतीवर उभा असतो त्यात हा संशय प्रत्यक्ष तोट्याहूनही घातक ठरतो. ७ सप्टेंबर रोजी फॅनी मे आणि फ्रेडी मॅक ह्या गृहकर्जक्षेत्रातील दोन महाकाय संस्था सरकारने आपल्या ताब्यात घेतल्या. १५ सप्टेंबर रोजी १५८ वर्षांची परंपरा असलेल्या लेहमन ब्रदर्स ह्या पेढीने, ६०० अब्ज डॉलरांहून अधिक देणी डोक्यावर असताना, दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच सुमारास मेरिल लिंच ही दुसरी मोठी पेढी बँक ऑफ अमेरिकेस विकली गेली, आणि दुसऱ्याच दिवशी एआयजी ह्या विमा कंपनीस वाचविण्यासाठी मध्यवर्ती बँकेला ८५ अब्ज डॉलरांचे कर्ज मंजूर करावे लागले.

सामान्य माणसाच्या दृष्टीने खरा धोका मात्र ह्या बड्या नावांच्या पडझडीपलीकडे होता. रिझर्व्ह प्रायमरी फंड ह्या नावाचा एक निधी होता, ज्यात ठेवलेला प्रत्येक डॉलर हा डॉलर म्हणूनच परत मिळणार अशी ठेवीदारांची खात्री असे. लेहमनच्या कागदांत पैसा अडकल्यामुळे १६ सप्टेंबर रोजी त्याच्या एका हिश्शाची किंमत डॉलरच्या खाली घसरली. अशा निधींतूनच मोठमोठे कारखाने अल्प मुदतीची कर्जे उचलून पगार वाटीत आणि कच्च्या मालाची बिले चुकवीत. तेथून पैशाचा ओघ आटला असता, ज्याने कधी रोखा पाहिलाही नाही अशा कामगाराच्या पगारापर्यंत त्याची झळ पोचणार हे उघड होते. म्हणून अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांनी, मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष बेन बर्नान्की यांच्या सहमतीने, बुडीत रोखे सरकारने विकत घ्यावेत यासाठी ७०० अब्ज डॉलरांची मागणी काँग्रेसपुढे ठेवली. २० सप्टेंबर रोजी बाहेर आलेला हा मसुदा जेमतेम तीन पानांचा होता, आणि त्यात अर्थमंत्र्याच्या निर्णयांची कोणत्याही न्यायालयात छाननी होऊ नये अशी तरतूद होती. ज्यांच्या अविचाराने हे संकट ओढवले त्याच पेढ्यांना सरकारी खजिन्यातून एवढी रक्कम द्यावयाची, आणि तीही जाब विचारण्याचा हक्क सोडून, ही कल्पना मतदारांस संतापजनक वाटली. प्रतिनिधिगृहाच्या सर्व ४३५ जागांची निवडणूकही त्याच नोव्हेंबरात होती. त्यामुळे ह्या विधेयकास हात वर करणे म्हणजे आपल्या मतदारसंघाची इतराजी ओढवून घेणे, हे प्रत्येक सभासद जाणून होता.

ह्या पार्श्वभूमीवर मॅकेन यांची स्थिती समजून घेतली म्हणजे त्यांचा निर्णय निव्वळ लहर नव्हता हे पटते. ऑक्टोबर १९६७ मध्ये हनोईवर विमान पाडले गेल्यानंतर साडेपाच वर्षे युद्धकैदी म्हणून यातना भोगलेला, आणि १९८७ पासून सिनेटमध्ये बसलेला हा मनुष्य, देशाला पक्षाच्या वर मानणारा म्हणून ओळखला जात असे आणि स्वतःसही तसेच समजत असे. तीनच आठवड्यांपूर्वी, गुस्ताव्ह नावाचे चक्रीवादळ मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर धडकत असताना, सेंट पॉल येथील आपल्या पक्षाच्या अधिवेशनाचा पहिला दिवस, १ सप्टेंबर, त्यांनी जवळजवळ रिकामा सोडला होता, आणि त्यामुळे त्यांचे काही नुकसान झाले नव्हते. अधिवेशनानंतरच्या काही दिवसांत तर जनमताच्या चाचण्यांत ते किंचित पुढेही होते. परंतु लेहमन बुडाली त्याच दिवशी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे बोलताना त्यांनी अर्थव्यवस्थेचा पाया मजबूत आहे असे विधान केले. काळ कठीण असल्याचेही त्याच भाषणात त्यांनी म्हटले होते, पण लोकांच्या स्मरणात पहिले वाक्यच राहिले. सत्तेवर आठ वर्षे त्यांचाच पक्ष होता, अध्यक्ष जॉर्ज बुश यांची लोकप्रियता लयास गेली होती, आणि निवडणुकीचा विषय आता युद्ध व परराष्ट्रनीती हा मॅकेन यांच्या अधिकाराचा प्रांत सोडून पैशापाण्याकडे वळला होता. शिवाय मॅकेन यांनी ८४ दशलक्ष डॉलरांचे सरकारी अनुदान स्वीकारून खर्चाची मर्यादा पत्करली होती, तर डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार बराक ओबामा यांनी ते नाकारून देणग्यांवर मोकळेपणी खर्च चालविला होता. म्हणजे नेहमीच्या रीतीने प्रचार चालू ठेवण्यात लाभ प्रतिपक्षाचाच होता.

अशा वेळी प्रचार थांबविण्याच्या युक्तीत मोठा पेच भरलेला होता. प्रतिस्पर्ध्याने अनुकरण केले तर तो अनुयायी ठरतो, न केले तर देश संकटात असता मते मागणारा स्वार्थी ठरतो. दरम्यान वॉशिंग्टनमध्ये तडजोड झाली तर तिचे श्रेय घेता येते, आणि आपल्या पक्षातील नाखूष सभासदांस वळवून दाखविल्यास, ज्या नेतृत्वाची केवळ ग्वाही दिली जात होती त्याचा प्रत्यक्ष पुरावा मतदारांपुढे येतो. हा हिशेब होता म्हणून त्यामागील कळकळ खोटी होती असे मी मानीत नाही. राजकारणात कर्तव्य आणि लाभ हे पुष्कळदा एकाच वाटेने चाललेले दिसतात, आणि त्या वाटेवरच्या माणसाच्या अंतःकरणात कोणाचा वाटा किती हे ठरविण्याचा अधिकार इतिहासकाराला नाही. त्याने कृती आणि परिणाम पाहावेत.

२४ सप्टेंबर, बुधवार, ह्या दिवशी सकाळी ओबामा यांनी मॅकेन यांना दूरध्वनी केला; दोघांनी मिळून एक संयुक्त निवेदन काढावे असा त्यांचा प्रस्ताव होता. दुपारी मॅकेन यांनी उलट दूरध्वनी केला, दोघांचे बोलणे झाले, आणि त्यानंतर थोड्याच वेळात न्यूयॉर्कमध्ये वार्ताहरांपुढे येऊन मॅकेन यांनी जाहीर केले की आपण प्रचार तहकूब करीत आहोत, वॉशिंग्टनला परतत आहोत, आणि शुक्रवारी मिसिसिपी राज्यातील ऑक्सफर्ड येथे व्हावयाचा पहिला वादविवादही पुढे ढकलावा. फ्लोरिडातील क्लिअरवॉटर येथून ओबामा यांनी लगोलग उत्तर दिले, त्याचा आशय असा की अध्यक्षाला एका वेळी एकाहून अधिक कामे पाहावीच लागतात, आणि सुमारे चाळीस दिवसांनी हा गोंधळ ज्याच्या गळ्यात पडणार आहे त्याचे विचार ऐकण्याची हीच वेळ आहे. ह्या दोन वाक्यांनी पेच उलटला. प्रचार करणे हा स्वार्थ आणि तो थांबविणे हा त्याग, ह्या गृहीतावर सारी योजना उभी होती. प्रचार हाच कर्तव्याचा भाग आहे असे म्हटल्याबरोबर ते गृहीतच निसटले. सिनेटमधील बहुमताचे नेते हॅरी रीड यांनी, वाटाघाटींत अध्यक्षीय निवडणुकीचे राजकारण आणू नये असे सांगून, येणाऱ्याचे स्वागत होणार नाही हेही सूचित केले.

तहकुबीची घोषणा झाली, पण तिला साजेशी तातडी दिसली नाही. त्या रात्रीच्या डेव्हिड लेटरमन यांच्या लोकप्रिय कार्यक्रमास जाण्याचे मॅकेन यांनी राजधानीस परतावयाचे म्हणून रद्द केले. पण त्याच वाहिनीच्या केटी कुरिक यांना मुलाखत देण्यास ते न्यूयॉर्कमध्येच थांबले आहेत हे लेटरमन यांनी आपल्या प्रेक्षकांस प्रत्यक्ष दाखविले. रात्र त्यांनी त्याच शहरात काढली, दुसऱ्या दिवशी सकाळी माजी अध्यक्ष क्लिंटन यांच्या संस्थेच्या सभेत भाषण केले, आणि मग ते वॉशिंग्टनला निघाले. एरवी क्षुल्लक असलेल्या ह्या गोष्टी येथे जड झाल्या, कारण जो मनुष्य निकडीच्या नावाने दुसऱ्यांचे कामकाज थांबवू पाहतो त्याच्या स्वतःच्या प्रत्येक तासाचा हिशेब लोक मागू लागतात.

२५ सप्टेंबरच्या दुपारपर्यंत दोन्ही सभागृहांतील वाटाघाटी करणाऱ्यांनी तत्त्वतः समझोता झाल्याचे जाहीर केले होते. मॅकेन यांच्या विनंतीवरून बोलाविलेली बैठक सायंकाळी चार वाजता व्हाइट हाउसच्या मंत्रिमंडळ कक्षात भरली. एका मेजाभोवती अध्यक्ष बुश, उपाध्यक्ष चेनी, पॉल्सन, सभापती नॅन्सी पेलोसी, रीड, प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन नेते जॉन बेनर आणि दोन्ही उमेदवार असे बसले होते. डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेत्यांनी आपल्या बाजूने बोलण्याचे काम ओबामा यांच्याकडे सोपविले. बेनर यांनी आपले सभासद सरकारी खरेदीस तयार नाहीत, त्यांस रोख्यांचा विमा उतरविण्याची निराळी योजना हवी आहे, असे सांगितले, आणि समझोता तेथेच डळमळला. बैठक ज्यांच्यासाठी भरली ते मॅकेन बराच वेळ गप्प होते. शेवटी बोलले ते दोन्ही बाजूंच्या शंका रास्त आहेत अशा अर्थाचे, कोणत्याही एका योजनेचा हात न धरता. बैठक वादावादीत मोडली, आणि नंतर पॉल्सन यांनी पेलोसी यांच्यापुढे गुडघा टेकून, हे सारे उधळून लावू नका, अशी विनवणी केली. त्याच रात्री ३०७ अब्ज डॉलरांची मालमत्ता असलेली वॉशिंग्टन म्युच्युअल ही बँक सरकारने ताब्यात घेतली. अमेरिकेच्या इतिहासात एवढी मोठी बँक त्यापूर्वी बुडाली नव्हती.

शुक्रवारी सकाळी, समझोता झालेला नसतानाही, मॅकेन यांनी प्रचार पुन्हा सुरू केला आणि ते ऑक्सफर्डच्या वादविवादास गेले. सोमवारी, २९ सप्टेंबर रोजी, प्रतिनिधिगृहाने विधेयक २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळले. मॅकेन यांच्या स्वतःच्या पक्षाची मते ६५ अनुकूल आणि १३३ प्रतिकूल अशी पडली; ज्यांस वळविण्यासाठी प्रचार थांबविला होता त्यांतील दोन तृतीयांश वळले नव्हते. डाऊ जोन्स निर्देशांक त्या एका दिवसात ७७७ अंकांनी कोसळला.

ह्या अपयशाची कारणे व्यक्तिस्वभावात शोधण्यापेक्षा त्या डावपेचाच्या रचनेत शोधणे अधिक फलदायी आहे. प्रचार थांबविणाऱ्याजवळ तीन गोष्टी असाव्या लागतात : संकटावर हुकमत चालविण्याचा अधिकार, स्वतःची निश्चित योजना, आणि त्या योजनेस मते मिळवून देईल असे अनुयायी. मॅकेन एका राज्याचे सिनेटर होते. ज्या समितीकडे हे काम होते त्या बँकिंग समितीचे ते सभासदही नव्हते. पॉल्सन यांची योजना की बेनर यांची, ह्याचा निवाडा त्यांनी केला नव्हता. आणि प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन सभासद, खुल्या बाजाराच्या तत्त्वापायी आणि मतदारांच्या भीतीपायी, आपल्या अध्यक्षाचेही ऐकत नव्हते, तर आपल्या उमेदवाराचे कोठून ऐकणार? तिन्ही साधनांवाचून रणांगणात उतरलेल्या मनुष्याचा हेतू शुद्ध असला तरी त्याची उपस्थिती इतरांच्या कामात भर घालण्याऐवजी अडथळाच होऊन बसते.

अधिकार हाती असलेल्याने हाच मार्ग धरला असता काय होते, हे १९८० सालच्या उदाहरणावरून कळते. नोव्हेंबर १९७९ मध्ये तेहरानच्या वकिलातीत अमेरिकन अधिकारी ओलीस धरले गेल्यावर अध्यक्ष जिमी कार्टर यांनी आयोवातील वादविवादातून अंग काढून घेतले, प्रचारदौरे बंद केले, आणि आपण राजधानीतच बसून ओलिसांच्या सुटकेचे काम पाहत आहोत असे जाहीर केले. अध्यक्षाचे कचेरीत असणे यास अर्थ होता, म्हणून लोकांनी प्रथम त्यांस उचलून धरले. जानेवारी १९८० मध्ये पक्षाच्या उमेदवारीच्या लढतीत आयोवात त्यांनी एडवर्ड केनेडी यांचा सहज पराभव केला. पण संकट संपेना. एप्रिलमध्ये सुटकेची लष्करी मोहीम इराणच्या वाळवंटात आठ सैनिकांच्या मृत्यूने फसली, आणि त्यानंतर काही दिवसांतच, ओलीस अद्याप बंदिवासात असताना, कार्टर यांना प्रचारास बाहेर पडावे लागले. नोव्हेंबरात रोनाल्ड रेगन यांनी त्यांचा ४८९ विरुद्ध ४९ प्रातिनिधिक मतांनी पराभव केला. ज्याच्या समाप्तीवर आपला ताबा नाही अशा संकटाशी आपली तहकुबी बांधून घेणारा स्वतःच त्या संकटाचा ओलीस होतो, हा ह्या घटनेचा धडा आहे, आणि मॅकेन यांना तो दोनच दिवसांत अनुभवावा लागला.

याच्या उलट टोकाला फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे वर्तन आहे. नोव्हेंबर १९३२ मध्ये निवडून आल्यापासून ४ मार्च १९३३ रोजी सूत्रे हाती घेईपर्यंत, एकामागून एक राज्यांत बँका बंद होत असताना, मावळते अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी संयुक्त धोरणासाठी त्यांच्याकडे वारंवार विचारणा केली. अधिकारावाचून जबाबदारी नको म्हणून रूझवेल्ट यांनी ती नाकारली. अधिकार मिळताच ६ मार्चपासून त्यांनी देशभरच्या बँका बंद ठेवण्याचे फर्मान काढले आणि ९ मार्च रोजी तातडीचा बँकिंग कायदा संमत करून घेतला. त्या चार महिन्यांत ठेवीदारांचे जे हाल झाले त्याचा दोष त्यांच्याकडे किती जातो, ह्याविषयी मतभेद राहतील. परंतु हाती सत्ता नसताना पुढाकाराचा आव आणू नये हे त्यांनी अचूक ओळखले होते.

आपल्या देशासही असा एक प्रसंग माहीत आहे, आणि त्यात दोष नेमका दुसऱ्या बाजूचा होता. १९९१ च्या मे महिन्यात लोकसभेच्या निवडणुकीचा प्रचार रंगात असताना भारताची परकीय चलनाची गंगाजळी अवघी काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. चंद्रशेखर यांच्या काळजीवाहू सरकारने त्याच महिन्यात २० टन सोने स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडच्या एका बँकेस विकले, आणि नव्या सरकारच्या काळात जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे गहाण पडले. राजीव गांधी यांच्या हत्येमुळे उरलेले मतदान जूनपर्यंत पुढे गेले, तो शोकाचा विराम योग्यच होता. परंतु त्याआधीच्या सभांत मंडल आणि मंदिर ह्या वादांचा जो घोष चालला होता त्यात रिकाम्या होत चाललेल्या खजिन्याचा आवाज बुडून गेला. तेथे प्रचार कोणी थांबविला नव्हता. तरीही मतदारांस ज्या एका प्रश्नावर उमेदवारांची परीक्षा घेण्याची अत्यंत गरज होती त्यापुरता तो जणू तहकूबच होता. घोषित तहकुबीपेक्षा ही अघोषित तहकुबी अधिक हानिकारक, कारण तिचा जाब कोणाकडे मागावा हेही लोकांस कळत नाही.

म्हणून मूळ प्रश्न येथे येऊन ठेपतो की प्रचार म्हणजे काय. तो जर केवळ मतांची याचना असेल, तर संकटकाळी तो थांबविणे हेच सभ्यपणाचे. परंतु ज्या लोकांस सहा आठवड्यांनी राज्यकर्ता निवडावयाचा आहे त्यांनी उमेदवारांची केलेली जाहीर चौकशी हे जर प्रचाराचे खरे स्वरूप असेल, तर संकट हा त्या चौकशीत खंड पाडण्याचा नव्हे, ती कडक करण्याचा प्रसंग आहे. ऑक्सफर्डच्या त्या रात्री परराष्ट्रनीती हा विषय नेमलेला असतानाही सूत्रसंचालक जिम लेहरर यांनी प्रारंभीचा बराच वेळ आर्थिक अरिष्टावरच खर्च केला, आणि ५ कोटींहून अधिक अमेरिकन लोक दोघांची उत्तरे ऐकत बसले. वादविवाद पुढे ढकलला गेला असता तर ह्या श्रोत्यांस त्या रात्री कोणते राष्ट्रकार्य साधता आले असते?

पुढे जे घडले त्याने ह्या विचारास पुष्टीच मिळते. १ ऑक्टोबर रोजी सिनेटमध्ये सुधारलेले विधेयक मतास आले, तेव्हा मॅकेन आणि ओबामा दोघेही प्रचारातून सवड काढून सभागृहात आले, दोघांनीही अनुकूल मत दिले, आणि दोघेही पुन्हा प्रचारास गेले. विधेयक ७४ विरुद्ध २५ मतांनी संमत झाले, ३ ऑक्टोबरला प्रतिनिधिगृहानेही २६३ विरुद्ध १७१ मतांनी ते मान्य केले, आणि त्याच दिवशी बुश यांनी त्यावर सही केली. ४ नोव्हेंबरला ओबामा यांना ३६५ आणि मॅकेन यांना १७३ प्रातिनिधिक मते मिळाली. एवढ्या मोठ्या पराभवाचे खापर एका बुधवारच्या घोषणेवर फोडणे अन्यायाचे होईल. सत्तारूढ पक्षाविषयीचा रोष आणि अर्थव्यवस्थेची घसरण ही कारणे त्याहून कितीतरी प्रबळ होती. पण सिनेटर म्हणून देशास मॅकेन यांच्याकडून त्या पंधरवड्यात जे हवे होते, ते एक मत, त्यांनी १ ऑक्टोबरला प्रचार चालू ठेवूनच दिले. आणि उमेदवार म्हणून जे हवे होते, ते स्पष्ट उत्तर, ते केवळ प्रचारातूनच देता येण्यासारखे होते. पुढे कोणत्याही देशात, कोणत्याही अरिष्टात, एखादा उमेदवार आपला प्रचार थांबवीत असल्याचे सांगेल, तेव्हा मतदाराने त्याच्या त्यागाचे कौतुक करण्यापूर्वी एवढे अवश्य विचारावे : तुम्ही ज्या कामासाठी निघाला आहात ते करण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे काय, तुमची योजना कोणती, तुमच्या शब्दाने किती मते फिरतील, आणि जाण्यापूर्वी आमच्या प्रश्नांची उत्तरे द्यावयास तुम्हांस नेमकी कोणती अडचण आहे?